गाजर गवतजन्य ॲलर्जी

एरवी निरुपद्रवी असलेल्या बाह्य पदार्थाच्या संपर्कामुळे काही व्यक्तींच्याच शरीरात जी अपायकारक प्रतिक्रिया होते, तीस ॲलर्जी म्हणतात. ही संज्ञा ऑस्ट्रियन वैद्य क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये सुचविली. महाराष्ट्रात या विकाराचे एक ठळक उदाहरण गाजर गवतामुळे पुढे आले.

इतिहास : गाजर गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुल ॲस्टरेसी) ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती. पुणे येथील तिची नोंद आर्. एस्. राव यांनी १९५६ मध्ये, भारतातील नवी वनस्पती म्हणून प्रसिद्ध केली. आयात अमेरिकन गव्हाबरोबर तिचे बी आले, असा समज रूढ झाला. तथापि रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या वनस्पतिसूचीत तिचा उल्लेख आढळतो. त्यामुळे गव्हाने तिच्या प्रसारास हातभार लावला असला, तरी तिचा देशातील प्रथम प्रवेश त्यापूर्वीचा ठरतो. पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा व शेते तिने झपाट्याने व्यापली. तिच्यामुळे होणाऱ्या त्वचाशोथाचे (त्वचेच्या दाहयुक्त सुजेचे) वर्णन लोणकर, मिचेल व कॅल्नन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले.

कारणमीमांसा : वनस्पतीतील पार्थेनिन हे लॅक्टोन वर्गातील संयुग त्वचेतील प्रथिनांशी बद्ध होते. त्वचेतील विशिष्ट कोशिका (पेशी) हे संयुक्त द्रव्य लसीका ग्रंथींकडे नेतात व तेथे त्याची ओळख ठेवणाऱ्या टी-लसीका कोशिका तयार होतात. या अवस्थेत कोणतेही लक्षण दिसत नाही. त्यानंतरच्या संपर्कात मात्र या कोशिका त्वचेत जमून दाह निर्माण करतात. त्यास साधारणतः एक ते तीन दिवस लागतात. म्हणूनच अनेक वर्षे हे गवत निर्धास्तपणे उपटणारा मनुष्यही एकाएकी रोगी होतो. परागामुळे होणारी सर्दी व दमा यांची यंत्रणा वेगळी आहे. त्यांत आयजीई हे प्रतिपिंड व हिस्टामीन यांचा संबंध असून लक्षणे काही मिनिटांत उद्‌भवतात.

लक्षणे : वनस्पतीचे सूक्ष्म कण हवेतून पसरत असल्याने चेहरा, पापण्या, मान व कोपराच्या खळगी हे भाग प्रथम बाधित होतात. तीव्र खाज, लाली, सूज व पाणी सुटणे ही लक्षणे दिसतात. विकार जुना झाल्यावर त्वचा जाड व काळपट होते. काहींना सूर्यप्रकाशही सोसत नाही.

निदान व उपचार : संशयित द्रव्य लावलेली पट्टी त्वचेवर चिकटवून ४८ तासांनी पाहण्याची चाचणी उपयुक्त ठरते. तिचे तत्त्व याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडले. दाह कमी करण्यासाठी स्टेरॉइड औषधे, तर दीर्घकालीन विकारात ॲझाथायोप्रिन देतात. हिस्टामीनविरोधी औषधांचा या प्रकारात फारसा उपयोग होत नाही. संपर्क टाळणे हाच खरा उपाय होय. परंतु खुरपणीवर पोट असलेल्या शेतमजुरास तो पाळणे म्हणजे रोजगार सोडणे ठरते. म्हणून या रोगाचा प्रतिबंध वैयक्तिक दक्षतेपेक्षा गवताच्या निर्मूलनावर अधिक अवलंबून आहे. त्यासाठी झायगोग्रामा बायकलरॅटा हा पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आला. फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे हा पूरक उपाय आहे.