नारू : एक व्याधिनाम आणि त्यामागील पाणवठा

पुणे शहराच्या जुन्या पेठांत पिण्याच्या पाण्याचे दोन प्रमुख आधार होते : वाड्यातील आड आणि कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने भरणारे हौद. यांपैकी नळाची योजना नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, सिद्ध झाली. आडाचे पाणी काठावर उभे राहून दोराने शेंदावयाचे असते. शेंदणाऱ्याचा पाय पाण्यास लागत नाही. देशावरील खेड्यापाड्यांत मात्र बारवा व पायऱ्यांच्या विहिरी पुष्कळ होत्या. तेथे घागर भरणारा पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहत असे. आड आणि बारव यांतील हा भेद वरकरणी केवळ बांधणीचा वाटतो. परंतु नारू या व्याधीचा इतिहास त्या भेदाशीच निगडित आहे.

नारूची मादी सुमारे एक मीटरपर्यंत लांब वाढते आणि दूषित पाणी प्यायल्यानंतर साधारणतः वर्षभराने बहुधा पायावरील फोडातून बाहेर पडू लागते. आग शमविण्यासाठी रोग्याने पाय पाण्यात बुडविला की ती असंख्य सूक्ष्म अळ्या सोडते. सायक्लॉप्स नावाचे बारीक जलजीव त्या गिळतात, सुमारे दोन आठवड्यांत अळ्या त्यांच्या शरीरात संसर्गक्षम होतात, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात जातात. रोगी व पाणी पिणारा यांची गाठ बारवेच्या खालच्या पायरीवर अशी पडते.

या व्याधीच्या नावांत पाण्याचा मागमूस नाही, ही गोष्ट विचारार्ह आहे. भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त तिला 'स्नायुक' म्हटले आहे. मराठी 'नारू' हा शब्दही त्याच कुळातला : संस्कृत 'स्नायु', पाली 'नहारु', प्राकृत 'ण्हारु'. वैद्यांनी संस्कृत रूप राखले, लोकांनी प्राकृत. अर्थ मात्र एकच, शरीरातील तंतू. अरबी वैद्यकातील नावाचा अर्थही 'मदिनेची शीर' असाच होतो. त्वचेखालून निघणारा पांढरा दोरा पाहून ही नावे पडली, हे उघड आहे. ती दृष्टीस धरून आहेत. परंतु त्यांनी व्याधीचे मूळ रोग्याच्या देहातच कल्पिले. कारण आणि लक्षण यांत सुमारे एक वर्षाचे अंतर असल्यामुळे अनुभवानेही ही समजूत सहसा दुरुस्त होण्याजोगी नव्हती. उपचारही त्या नावास साजेसाच राहिला : बाहेर आलेला दोरा काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळणे. रोगी आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळे, आणि पाणवठा जसाच्या तसा राही.

1870 साली रशियन शास्त्रज्ञ फेदचेन्को याने तुर्कस्तानात सायक्लॉप्सचा संबंध दाखविला. पुढे मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेस 1925 साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले, तेथे डॉ. तर्खड यांनी 1913 च्या सुमारास मनुष्यावरील प्रयोगाने त्यास दुजोरा दिला. तथापि ज्ञान झाले म्हणून बारवा बदलल्या नाहीत. देशव्यापी निर्मूलन-कार्यक्रम सुरू होण्यास 1983-84 साल उजाडावे लागले. त्या वेळी महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. 1984 साली सुमारे 40,000 रोगी नोंदले गेले. पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे बांधणे, हातपंप बसविणे, पाणी फडक्याने गाळणे आणि सायक्लॉप्सनाशक औषध पाण्यात टाकणे, हे त्या कार्यक्रमाचे मुख्य उपाय होते. शेवटचा रोगी जुलै 1996 मध्ये राजस्थानात आढळला, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

या रोगावर लस निघाली नव्हती, आणि कृमीचा नाश करणारे औषधही नव्हते. व्याधी गेली ती पाणवठ्याची रीत बदलल्यामुळे. म्हणजे पुण्याच्या वाड्यातील आडाने जी रीत न जाणता पाळली होती, ती बारवेवर जाणून आणल्यामुळे. रोगाचा इतिहास लिहिताना केवळ वैद्यकग्रंथ पाहून भागत नाही; विहिरीची बांधणीही वाचावी लागते. शब्दकोशात 'नारू' अजून आहे, आणि त्याच्या व्युत्पत्तीत एक जुना गैरसमज जपलेला आहे. त्या शब्दाची नोंद करताना पाणवठ्याचा उल्लेख जोडला, तरच ती पुरी होईल.