दोन रेघांमागची गोष्ट

परवा आमच्या आशाताईंच्या पिशवीत 'निश्चय' किट दिसलं. लघवीचे काही थेंब, पाच मिनिटं, एक रेघ की दोन. फुकट मिळतं म्हणून त्याचं मोल कुणाला वाटत नाही. मला वाटतं, म्हणून ही पोस्ट.

१९२७-२८ साली बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक हे दोघे बाईची लघवी उंदरांच्या माद्यांना टोचायचे. चार-पाच दिवसांनी त्या मारून बीजकोश बघायचे, मग निकाल. १९६० साली स्वीडनच्या वाइड आणि गेमझेल यांनी जिवंत प्राण्याऐवजी अँटीबॉडी वापरली. गर्भ राहिल्यावर तयार होणारं एचसीजी हे हार्मोन ती पकडायची. निकाल काही तासांवर आला.

पण एक घोळ होता. आपल्या अंगात एरवीही असणारं एलएच हार्मोन म्हणजे एचसीजीचं जवळपास जुळं भावंड. दोघांचेही दोन भाग, अल्फा आणि बीटा. त्यातला अल्फा अगदी सारखा, बीटा वेगळा. अँटीबॉडी दोघांनाही धरायची. एचसीजी भरपूर असेल तर ठीक, थोडंच असेल तर काही सांगता यायचं नाही.

आणि प्रश्न फक्त गोड बातमीचा नव्हता. वारेच्या पेशींपासून होणारा कॅन्सरही एचसीजी सोडतो. उपचारानंतर रोग उरलाय का, हे त्यावरूनच बघायचं. रक्तात थोडंसं सापडलं तर ते कुणाचं? एलएचला एचसीजी समजलं तर विनाकारण केमो. एचसीजीला एलएच समजलं तर बाई जिवाला मुकणार.

अमेरिकेच्या सरकारी एनआयएच संस्थेत जुडिथ वैतुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी यावर तोड काढली. अख्खं एचसीजी न देता त्याचा फक्त बीटा भाग सशांना टोचला. सशांच्या रक्तात तयार झालेली अँटीबॉडी एचसीजीला एलएचपासून वेगळं ओळखू लागली. १९७२ साली हे काम प्रसिद्ध झालं. कॅन्सरवर नजर ठेवता आली, आणि अगदी सुरुवातीचा गर्भही कळू लागला. घरगुती चाचण्या पुढे याच पायावर उभ्या राहिल्या.

संशोधकांना पेटंट हवं होतं. संस्थेचे वकील म्हणाले, संशोधन जनतेच्या पैशातून झालंय, पेटंट नाही.

'सरकारने संशोधनावर पैसे कशाला उधळायचे?' असं कुणी विचारलं, की मला आशाताईंची ती पिशवी आठवते.