हॅरॉल्ड लारवूड : कोळसाखाण ते कसोटी मैदान (१९१८-१९२७)

प्रस्तावना :
हॅरॉल्ड लारवूड हे नाव क्रिकेटच्या इतिहासात १९३२-३३ च्या ‘बॉडीलाइन’ मालिकेशी कायमचे निगडित झाले आहे. परिणामी त्यांच्या आरंभीच्या कारकिर्दीकडे त्या वादाची पूर्वपीठिका म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः ही वाटचाल ब्रिटिश श्रमिकवर्गाच्या सामाजिक इतिहासाचाही भाग आहे. प्रस्तुत लेखात तिचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

खाण आणि मैदान :
लारवूड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९०४ रोजी नॉटिंगहॅमशायरमधील ननकारगेट या खाणकामगारांच्या खेड्यात झाला. वडीलही खाणकामगारच होते. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि चौदाव्या वर्षी लारवूड ॲनस्ली येथील कोळसाखाणीत तट्टांबरोबर काम करू लागले. त्याच गावचे रहिवासी व इंग्लंडचे कसोटीपटू जो हार्डस्टाफ (थोरले) यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये ट्रेंट ब्रिज मैदानावर त्यांची चाचणी झाली. कौंटीने त्यांना आठवड्याला ३२ शिलिंग वेतन देऊ केले. खाणीतही त्यांना तेवढेच मिळत होते. अधिक वेतनाची मागणी न केल्याबद्दल वडिलांनी त्यांना बोल लावला. या कुटुंबाच्या दृष्टीने क्रिकेट ही हौस नसून उपजीविका होती, हे यावरून स्पष्ट होते.

उमेदवारीचा काळ :
उंची बेताची असूनही लारवूड यांच्या गोलंदाजीत असाधारण वेग होता. प्रशिक्षक जेम्स आयरमाँगर यांनी त्याला दिशा व टप्प्याची शिस्त दिली. ऑगस्ट १९२४ मध्ये नॉर्दम्प्टनशायरविरुद्ध त्यांनी कौंटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १९२५ च्या हंगामात ७३ बळी घेऊन त्यांनी संघातील स्थान पक्के केले.

१९२६ चा उन्हाळा :
मे १९२६ मध्ये कमी वेतन व वाढीव तास नाकारणाऱ्या खाणकामगारांवर मालकांनी टाळेबंदी लादली आणि त्यातूनच सार्वत्रिक संप उद्भवला. संप नऊ दिवसांत मिटला. टाळेबंदी मात्र पुढे कित्येक महिने चालू राहिली. याच काळात, जूनमध्ये, लॉर्ड्सवर लारवूड यांचे ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी पदार्पण झाले. ऑगस्टमधील ओव्हल कसोटीत त्यांनी सहा बळी घेतले. इंग्लंडने हा सामना २८९ धावांनी जिंकून ‘ॲशेस’ परत मिळवली. १९२७ मध्ये १६.९५ च्या सरासरीने १०० बळी घेऊन ते राष्ट्रीय सरासरीत अग्रस्थानी राहिले.

हे यश मिळाले तरी त्यांचे सामाजिक स्थान बदलले नाही. नॉटिंगहॅमशायरचे नेतृत्व आर्थर कार या हौशी खेळाडूकडे होते. १९२६ मधील पहिल्या चार कसोटींत इंग्लंडचे कर्णधारही तेच होते. नेतृत्व हौशी खेळाडूने करावे आणि वेगवान गोलंदाजीचे कष्ट वेतनदार व्यावसायिकाने उपसावेत, अशी ही श्रमविभागणी होती. हौशी-व्यावसायिक हा भेद १९६२ मध्ये अधिकृतपणे संपुष्टात आला.

निष्कर्ष :
बॉडीलाइन मालिकेनंतर लारवूड यांच्याकडे माफीची मागणी झाली, तेव्हा आपण कर्णधाराच्या आदेशानुसारच गोलंदाजी केली, या भूमिकेवर ठाम राहून त्यांनी ती नाकारली. १९३३ नंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. या नकाराकडे केवळ हट्ट म्हणून पाहणे अपुरे ठरते. नेमून दिलेले काम चोख करणाऱ्या कामगाराने त्या कामाचा दोष एकट्याने का पत्करावा, हा त्यामागील प्रश्न होता. लारवूड यांच्या आरंभीच्या कारकिर्दीचा अभ्यास केल्याशिवाय तो नीट उमगत नाही.