खोडातली वर्षे आणि कोयत्याच्या खुणा

इतिहास म्हटला की आपल्यापुढे बखरी, सनदा, ताम्रपट आणि कलेक्टरांचे अहवाल मांडले जातात. लिहिण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांचेच हे दप्तर. कर्जत-खालापूरच्या डोंगरांतील कातकरी-ठाकरांना आणि गावकुसाबाहेरच्या महारांना त्यात जागा मिळाली, ती बहुधा वेठीचे मजूर किंवा दुष्काळातला आकडा म्हणून. मग पाऊस कोणत्या साली फिरला, हे तरी कुणी जातपात न पाहता टिपून ठेवले आहे काय? झाडांनी ठेवले आहे, असे विज्ञान सांगते. या साक्षीदाराचीही उलटतपासणी आपण केली पाहिजे.

उन्हाळ्यात साग पाने गाळून निपचित उभा राहतो. पाऊस लागला की सालीखालचा थर पुन्हा लाकूड घालू लागतो. आरंभीच्या लाकडात मोठी छिद्रे, नंतरच्यात बारीक. म्हणून वर्षाची सीमा उघड्या डोळ्यांनाही दिसते. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढतात. झाड मरत नाही. पण वलये नुसती मोजून भागत नाही. एखाद्या वर्षी वलय पडतच नाही, एखाद्या वर्षी दोन पडल्याचा भास होतो. म्हणून अनेक झाडांतील रुंद-अरुंद वलयांची नक्षी एकमेकींशी जुळवून साल ठरवतात. ही रीत अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डग्लस याने विसाव्या शतकाच्या आरंभी पक्की केली.

जुने तापमान मात्र कोणत्याही झाडाला विचारता येत नाही. थंडी जिथे वाढ अडवते तिथलेच झाड थंडीबद्दल बोलते. हिमालयातील सूचिपर्णी वृक्षांवरून तसे अंदाज काढले गेले आहेत. आपल्याकडे साग अडतो तो पाण्यावाचून. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी ठाणे भागातील सागाच्या वलयांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला. (एकोणिसाव्या शतकात कर्जत ठाणे जिल्ह्यातच होते.) पुढे बोरगावकर व सहकाऱ्यांनी केरळातील सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी केली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एल निनोच्या, अपुऱ्या पावसाच्या वर्षांत अरुंद वलये अधिक वेळा पडलेली तीत दिसतात.

कर्जतच्या डोंगरात इतका जुना साग कुठून आणायचा? इथे सागाची कूपे पाडून तोड झाली. आज उभी असलेली कित्येक झाडे म्हणजे जुन्या खुंटावरचे धुमारे. शेतकरी भाताच्या राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या छाटत. छाटलेले झाडही त्या वर्षी अरुंद वलय घालते. म्हणजे ती रेघ पावसाची की कोयत्याची, हे जंगलाचा सामाजिक इतिहास माहीत असल्याखेरीज प्रयोगशाळेला कळणार नाही. १८७८च्या कायद्याने जंगल राखीव झाले, कातकऱ्यांची फिरती शेती दळीच्या तुकड्यांत कोंडली गेली. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीरावांनी जंगल खात्याचे वाभाडे काढले. ठाणे-कुलाब्यातील गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राबाच्या फांदीवरून सरकार आणि रयत भांडत असताना, ती फांदी तोडून डोक्यावरून वाहणाऱ्याला कोण विचारतो?

आणखी एक मर्यादा. १८७६-७८च्या महादुष्काळात पाऊस हटला, हे झाड सांगू शकेल. त्याच काळात देशातून धान्य परदेशी जात होते आणि सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा शिधा दिवसाला रतलभर धान्यावर आणला होता, हे झाड सांगणार नाही. अवर्षण आभाळातून येते. उपासमार कुणाच्या वाट्याला जावी हे जमिनीवर ठरते. हवामानाचा आलेख दाखवून दुष्काळाला निव्वळ निसर्गाच्या खाती टाकणारे विद्वान आजही आहेत, म्हणून हे बजावून ठेवायला हवे.

लाकूड जळून कोळसा झाले तरी वलये शिल्लक राहतात. कोळसाभट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्याने तुकडा आडवा मोडला, तर ती त्याच्या काळ्या झालेल्या हातात सरळ दिसतात.