टायटल ब्लॉकमधील बोधचिन्ह

संगणकीय आरेखनात कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील माहितीचौकटीत बसवलेली कंपनीची खूण. ही केवळ सजावट नव्हे. आयएसओ ७२०० : २००४ हे मानक चौकटीची रुंदी १८० मिमी ठरवते आणि आरेखनाचा कायदेशीर मालक नोंदवणे आवश्यक मानते, ती नोंद बोधचिन्हानेही करता येते. म्हणूनच ते फाइलपासून सुटता कामा नये. ऑटोकॅडमध्ये पीएनजी चित्र जोडले, की डीडब्ल्यूजी फाइलमध्ये चित्र येत नाही, फक्त त्याचा पत्ता नोंदला जातो. फाइल एकटीच ठेकेदाराकडे गेली, तर त्याला बोधचिन्हाच्या जागी रिकामी चौकट आणि चित्रफाइलचे नाव दिसते. त्यापेक्षा रेषा व भरीव हॅच वापरून चिन्ह रेखाटावे, त्याचा ब्लॉक करावा आणि तो टेम्प्लेटमध्ये ठेवावा. यात रंगछटा हरवतात, हा आक्षेप खरा आहे. पण साइटवरच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये त्या तशाही उरत नाहीत. ऑटोकॅडच्या ई-ट्रान्समिट सोयीने चित्र सोबत पाठवता येते, हेही खरे. मात्र ते दरवेळी कोणीतरी आठवणीने करावे लागते. ब्लॉक फाइलमध्येच असतो.