लाखीश नगरीची संगणकीय पुनर्रचना : पुरावा, अनुमान आणि कल्पना

उद्ध्वस्त नगरीचे चित्र रेखाटण्याचा मोह इतिहासकाराला नवा नाही. उत्खननात हाती येतात ते पाये, राखेचे थर, खापरे आणि ढासळलेल्या विटा. वाचकाला मात्र हवे असतात तट, वेशी, छपरे आणि माणसे. पूर्वी हे अंतर चित्रकाराची लेखणी भरून काढी. गेल्या तीन-चार दशकांत ते काम संगणकाकडे आले आहे. संगणकाने उभे केलेले नगर आपण कोणत्याही बाजूने पाहू शकतो, त्याच्या वेशीतून आत शिरू शकतो. परंतु पाहण्याची ही सोय म्हणजे ज्ञानाची वाढ होय काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. किंबहुना तो अधिक तीव्र होतो. या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात बायबलमध्ये उल्लेखिलेल्या लाखीश या एका नगरीच्या आधारे करावयाचा आहे.

लाखीशची निवड सहेतुक आहे. प्राचीन काळातील एकाच घटनेविषयी चार स्वतंत्र प्रकारची साधने उपलब्ध असावीत, हा योग फारच विरळा. इ.स.पू. ७०१ मध्ये असीरियाचा सम्राट सन्हेरीब याने यहूदाच्या राज्यावर स्वारी केली व लाखीश जिंकले. या घटनेचा उल्लेख बायबलमधील राजांच्या ग्रंथात येतो. सन्हेरीबाच्या इष्टिकालेखांत त्याने हिज्कीया राजाची ४६ तटबंदीयुक्त नगरे घेतल्याचे नमूद आहे. त्यांत लाखीशचे नाव नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिसरे साधन निनवे येथील राजवाड्याच्या एका दालनातील शिल्पपट्टांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेन्री लेयार्ड यांनी उजेडात आणलेले हे पट्ट आज ब्रिटिश म्युझियममध्ये असून त्यांवर लाखीशच्या वेढ्याचे सविस्तर चित्रण व नगरीच्या नावाचा लेख आहे. चौथे साधन म्हणजे प्रत्यक्ष टेकाड.

हे टेकाड, तेल-एद-दुवैर, यरुशलेमच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तेच लाखीश होय, हे मत प्रारंभी सर्वमान्य नव्हते. फ्लिंडर्स पीट्री यांनी १८९० मध्ये तेल-एल-हेसी हे स्थळ लाखीश समजून खणले होते. १९२९ मध्ये विल्यम ऑलब्राइट यांनी तेल-एद-दुवैरचे नाव सुचविले आणि पुढील उत्खननांनी त्याला पुष्टी दिली. जेम्स स्टार्की यांनी १९३२ ते १९३८ या काळात येथे काम केले. जानेवारी १९३८ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर साहित्य प्रसिद्ध करण्याची जबाबदारी मुख्यतः ओल्गा टफनेल यांनी पार पाडली. १९७३ ते १९९४ या काळात डेव्हिड उसिश्किन यांचे दीर्घ उत्खनन झाले, आणि २०१३ पासून योसेफ गारफिंकेल यांच्या पथकाने पुन्हा काही वर्षे काम केले.

संगणकीय पुनर्रचनेची पहिली अट कालनिश्चितीची आहे, आणि तीच येथे दीर्घकाळ वादग्रस्त होती. टेकाडातील तिसरा व दुसरा हे दोन्ही थर आगीत नष्ट झालेले. दुसऱ्याचा विनाश इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने केला, याविषयी एकवाक्यता होती. तिसऱ्या थराचा विनाश मात्र स्टार्की यांनी इ.स.पू. ५९७ मधील मानला. टफनेल यांनी १९५३ च्या आपल्या अहवालात याहून भिन्न निष्कर्ष काढला : दोन थरांतील मृद्भांड्यांत इतका फरक आहे की तो दहा वर्षांत पडणे शक्य नाही, सबब तिसरा थर इ.स.पू. ७०१ मध्येच जळाला असला पाहिजे. ज्यांच्या हाताखाली आपण काम केले त्यांचेच मत केवळ पुराव्याच्या बळावर बाजूस सारण्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी अभ्यासण्यासारखे आहे. उसिश्किन यांच्या उत्खननाने टफनेल यांचा निर्णय ग्राह्य ठरविला. समजा, एखाद्या अभ्यासकाने १९५० मध्ये सन्हेरीबाच्या वेढ्याच्या वेळचे लाखीश उभे केले असते, तर स्टार्कींच्या कालक्रमानुसार त्याला हा थर वगळावा लागला असता. प्रतिमा कितीही रेखीव असती तरी ती निराळ्याच नगरीची झाली असती.

आता पद्धतीकडे वळू. प्रथम टेकाडाच्या पृष्ठभागाची मोजणी होते. ड्रोनमधून अथवा जमिनीवरून घेतलेल्या, एकमेकांवर अंशतः येणाऱ्या अनेक छायाचित्रांवरून प्रत्येक बिंदूचे स्थान गणिताने काढतात. यालाच छायाचित्रमापन म्हणतात. अशा रीतीने तयार झालेल्या भूरूपावर उत्खननाचे आराखडे थरवार बसवले जातात. येथपर्यंतचे काम मोजमापाचे असून त्यातील चूक तपासता येते. त्यानंतरच खरी अडचण सुरू होते. कारण आराखडा आडवा असतो आणि नगर उभे.

लाखीशच्या तिसऱ्या थरात टेकाडाच्या माथ्यावरील तट कच्च्या विटांचा, दगडी पायावर बांधलेला व सुमारे ६ मीटर रुंद होता. ही रुंदी मोजलेली आहे. उंची मात्र अनुमानित आहे. नैर्ऋत्य बाजूस बाहेरची व आतली अशी दुहेरी वेस होती, आणि आतल्या वेशीस सहा दालने होती. त्यांचे आराखडे निश्चित आहेत. माथ्यावरील बांधणी निश्चित नाही. नगरीच्या मध्यभागी असलेल्या राजवाड्याची स्थिती तर अधिकच बोलकी आहे. सुमारे ७६ मीटर लांब व ३६ मीटर रुंद असा त्याचा प्रचंड चौथरा शिल्लक आहे. त्यावरील इमारत जवळजवळ नाहीशी झाली आहे. अर्थात, प्रेक्षकाच्या नजरेत सर्वप्रथम भरणारी वास्तू हीच सर्वांत कमी पुराव्याची वास्तू ठरते.

ही उणीव निनवेच्या शिल्पपट्टांवरून भरून काढण्याचा विचार साहजिकच पुढे येतो. पट्टांवर बुरुजांचे तट, वेस, चढाच्या बांधावरून वर ढकललेली तट फोडणारी यंत्रे, तिरंदाज, गोफणदार आणि वरून फेकलेल्या मशाली दिसतात. टेकाडावरही बाणांची शेकडो अग्रे, गोफणगुंडे आणि बांधाचे अवशेष सापडले. शिल्प आणि स्थळ यांचा हा मेळ विलक्षण आहे. तथापि, शिल्पकाराने एकाच दृश्यात निरनिराळे क्षण एकत्र आणले आहेत : वेढा चालू आहे, त्याच वेळी पराभूत कुटुंबे वेशीतून बाहेर पडत आहेत, आणि पुढे सम्राट सिंहासनावर बसून लुटीची पाहणी करीत आहे. शिल्पात दिसणाऱ्या तटांच्या दोन ओळी म्हणजे दोन स्वतंत्र तटभिंती, की खालची केवळ उताराला आधार देणारी भिंत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अशा स्थितीत शिल्पावरून नगर रचावयाचे आणि मग त्या रचलेल्या नगराशी शिल्प जुळते म्हणून ते विश्वसनीय ठरवावयाचे, हा उघड चक्रदोष होय. ज्यांना या शिल्पपरंपरेचे संकेत प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्यांना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निमरूद येथील शिल्पपट्ट उपयोगी पडतील. ते याहून सुमारे दीड शतक आधीचे असले, तरी राजदरबारी कलेची शिस्त त्यांतही दिसते.

मग संगणकाने नवे काय दिले? याचे उत्तर त्या चढाच्या बांधातच मिळते. स्टार्कींच्या काळी नैर्ऋत्य कोपऱ्यातील दगडांच्या राशीचा अर्थ लागला नव्हता. उसिश्किन यांनी तो असीरियन सैन्याचा बांध असल्याचे दाखविले व त्याविरुद्ध नगरवासीयांनी आतून रचलेला प्रतिबांधही उघड केला. २०२१ मध्ये गारफिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिल्प, लेख, उत्खनन आणि छायाचित्रमापन यांची सांगड घालून बांधाच्या रचनेचा हिशेब मांडला. त्यांच्या मते दगड तटापासून सुमारे ८० मीटरवरील उघड्या कड्यातून काढले गेले आणि बांध तेथूनच तटाकडे सरकत गेला. सरासरी साडेसहा किलोग्रॅमचा एक असे सुमारे ३० लक्ष दगड त्यास लागले असावेत, आणि रात्रंदिवस काम चालल्यास ते सुमारे २५ दिवसांत पुरे होऊ शकले असते.

या आकड्यांचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. २५ दिवस हा कोणत्याही लेखात नोंदलेला काळ नव्हे. मजुरांची संख्या, पाळ्या आणि दगड हातोहात देण्याचा वेग यांविषयी काही गृहीत धरून निघालेला तो निष्कर्ष आहे. गृहीत बदलले की उत्तर बदलेल. परंतु येथेच या पद्धतीचे बळ आहे, कारण गृहीत उघड मांडलेले असल्याने दुसरा अभ्यासक ते बदलून हिशेब पुन्हा करू शकतो. लाखीशच्या वेशीजवळील दालनात १९३५ मध्ये सापडलेल्या खापरांवरील लेखांबाबतही असेच म्हणता येईल. दुसऱ्या थरातील या पत्रांपैकी एकात लाखीशच्या संकेताग्नीकडे लक्ष असल्याचा व अजेकाचा संकेत दिसत नसल्याचा उल्लेख आहे. कोणत्या उंचीवरून कोणते स्थळ दिसू शकत होते, हे संगणकीय भूरूपावर तपासता येते. येथे प्रतिमा ही सजावट राहत नाही. ती प्रश्न विचारण्याचे साधन बनते.

यासाठीच विद्वानांनी काही नियम घालून घेतले आहेत. २००६ मध्ये आरंभ झालेल्या लंडन सनदेचा मुख्य आग्रह असा की, पुनर्रचना करणाऱ्याने प्रत्येक निर्णयामागील आधार नोंदवावा आणि काय सिद्ध आहे व काय संभाव्य आहे हे पाहणाऱ्यास कळू द्यावे. पुढे सेव्हिल तत्त्वांनी हाच विचार विशेषतः पुरातत्त्वासाठी विस्तारला. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे : मोजलेला पाया एका रंगात, अनुमानित भिंत दुसऱ्या रंगात आणि निव्वळ कल्पित छप्पर तिसऱ्या रंगात दाखवावे. अशा चित्राची मोहकता कमी होईल, हे खरे. पण ज्या चित्रात पाया आणि छप्पर यांची खात्री सारखीच भासते, ते चित्र इतिहासाच्या दृष्टीने असत्य बोलते, मग त्यातील प्रत्येक वीट संभाव्य का असेना.

शेवटी आणखी एका निवडीचा विचार आवश्यक आहे. संगणक एका वेळी एकच लाखीश दाखवितो. इ.स.पू. ७०१ चे नगर उभे केले की अमार्ना पत्रांत उल्लेखिलेले कनानी लाखीश त्याखाली दडते, बाबिलोनी विनाशापूर्वीचे नगर दिसेनासे होते, आणि टेकाडाच्या जवळ असलेले, १९४८ मध्ये ओस पडलेले अल-कुबैबा हे पॅलेस्टिनी गाव तर चित्राच्या चौकटीबाहेरच राहते. बायबलमधील उल्लेखामुळे एका थराला जे महत्त्व येते ते समजण्यासारखे आहे. पण हे महत्त्व वाचकाने दिलेले असते, मातीने नव्हे. शिल्पपट्टावर बैलगाडीत सामान भरून, मुलाबाळांसह देशोधडीला निघालेली लाखीशची कुटुंबे कोरलेली आहेत. विजेत्याने आपल्या वैभवासाठी कोरविलेल्या त्या चित्रातच त्यांचे अस्तित्व उरले आहे. संगणकीय तटाची उंची एक मीटरने चुकली तरी पुढील अभ्यासक ती सुधारील. परंतु कोणते लाखीश पाहावयाचे आणि कोणाच्या नजरेने पाहावयाचे, हे ठरविताना जी चूक होते ती कोणतेही यंत्र सुधारीत नाही. तिचे उत्तरदायित्व इतिहासकारावरच राहते.