बायसेप
बायसेप : मूळचे बेलफास्ट (उत्तर आयर्लंड) येथील संगीतकारद्वय. हाउस व टेक्नो या नृत्यसंगीतप्रकारांतील त्यांच्या ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहेत. अँड्र्यू फर्ग्युसन व मॅथ्यू मॅकब्रायर या दोन बालमित्रांनी हे नाव धारण केले. ते दंडाच्या स्नायूवरून घेतलेले असून तीन वाकविलेल्या बाहूंचे वर्तुळाकार चिन्ह ही त्यांच्या तबकड्यांची ओळख ठरली. संगीताचे विधिवत शिक्षण किंवा वादकाची कारकीर्द यांतून नव्हे, तर जुन्या तबकड्यांच्या संग्रहातून व श्रवणातून ते निर्मितीकडे वळले. त्यांच्या रचनांचे बरेचसे गुणदोष या वाटचालीतच सापडतात.

हाउस संगीताचा उगम अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. तेथील ‘वेअरहाउस’ या नृत्यगृहात १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा तबकड्या वाजवीत असे. या गृहाच्या नावावरूनच संगीतप्रकाराचे नाव रूढ झाले, असे सामान्यतः मानले जाते. डिस्को संगीताची लोकप्रियता ओसरल्यावर त्याचा ठेका तेवढा उचलून, स्वस्त तालयंत्रे व संश्लेषक (सिंथेसायझर) यांच्या साहाय्याने नवी रचना करण्याची ही प्रथा होती. चार मात्रांच्या आवर्तनातील प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखा आघात आणि मिनिटाला सु. १२० ते १३० आघात एवढी लय, ही तिची ढोबळ लक्षणे होत. डिट्रॉइट शहरात हुआन ॲटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी त्याच साधनांतून अधिक रुक्ष, यंत्रप्रधान व बहुधा शब्दविरहित असा टेक्नो हा प्रकार घडविला. १९८८ मध्ये डिट्रॉइटच्या रचनांचा एक संग्रह इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला व टेक्नो हे नाव यूरोपभर पसरले. या संगीतातील रोलँड या जपानी कंपनीची टीआर–८०८ व टीबी–३०३ ही यंत्रे भारतातही येऊन पोहोचली होती. चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने १९८२ मध्ये त्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून ध्वनिमुद्रित केले होते. ती तबकडी त्या वेळी दुर्लक्षित राहिली आणि २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर जाणकारांना तिचा शोध लागला.

बेलफास्टमध्ये या संगीताला वेगळाच अर्थ प्राप्त झाला. एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारापर्यंत उत्तर आयर्लंडमधील सांप्रदायिक व राजकीय संघर्षात सु. ३,५०० माणसे मृत्युमुखी पडली. कॅथलिक व प्रॉटेस्टंट वस्त्या भिंतींनी विभागल्या गेल्या. शाळा, खेळ, मद्यालये, फार काय, रात्री घरी परतण्याचे रस्तेही वेगळे झाले. अशा शहरात डेव्हिड होम्स याने कलामहाविद्यालयाच्या वास्तूत भरविलेल्या नृत्यरात्रींना दोन्ही समाजांतील तरुण एकत्र येत. पारंपरिक गीते, वाद्ये व पथसंचलनातील ढोल यांवर एका ना एका पक्षाची मालकी होती. शिकागो-डिट्रॉइटच्या शब्दहीन ठेक्यावर मात्र कोणाचीच नव्हती. ऑर्बिटल या इंग्रज संगीतकारद्वयाने होम्सच्या क्लबमधील कार्यक्रमानंतर आपल्या एका रचनेस ‘बेलफास्ट’ असे नाव दिले (१९९१). स्फोटांच्या बातम्यांनी परिचित झालेल्या या नगराचे नाव बाराव्या शतकातील हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या जोगिणीच्या भक्तिगीताच्या ध्वनिअंशासह असे नृत्यगृहांत पोहोचले. पुढे १९९५ पासून क्वीन्स विद्यापीठाच्या विद्यार्थी-भवनात ‘शाइन’ या नावाने टेक्नोच्या रात्री भरू लागल्या. नृत्यगृहाने भिंती पाडल्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वस्त्यांमधील अनेक भिंती करारानंतरही उभ्याच राहिल्या. परंतु काही तासांपुरते शेजाऱ्याचे आडनाव विचारावे लागत नसे, ही गोष्ट त्या शहरात क्षुल्लक नव्हती. फर्ग्युसन व मॅकब्रायर यांची पिढी या वातावरणात वाढली.

दोघांनी २००८ मध्ये ‘फील माय बायसेप’ ही अनुदिनी सुरू केली. विस्मृतीत गेलेल्या डिस्को, इटालियन नृत्यसंगीत, शिकागो हाउस व डिट्रॉइट टेक्नो यांच्या दुर्मिळ तबकड्यांचा परिचय तीत करून दिला जाई. तीमुळे प्रथम तबकडीवादक (डिस्क जॉकी) म्हणून त्यांना निमंत्रणे येऊ लागली आणि २०१० च्या सुमारास स्वतःच्या रचना प्रकाशात आल्या. लंडन हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. २०१२ मध्ये अनुदिनीच्याच नावाने त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. त्याच वर्षीची ‘व्हिजन ऑफ लव्ह’ आणि ‘ऑस म्यूझिक’ या संस्थेतर्फे निघालेली ‘जस्ट’ (२०१५) या त्यांच्या प्रारंभीच्या कालखंडातील विशेष गाजलेल्या ध्वनिमुद्रिका होत. सिमियन मोबाइल डिस्को या द्वयाबरोबर त्यांनी ‘सॅक्रिफाइस’ (२०१३) ही रचना केली.

या काळातील त्यांचे बरेच प्रकाशन बारा इंची तबकडीच्या रूपात झाले. या आकाराचे कारण तांत्रिक आहे. एका बाजूस एक-दोनच रचना असल्याने खोबणी रुंद व खोल कोरता येतात आणि खर्जातील स्वर मोठ्या आवाजात, विकृती न येता उमटतात. रचनेच्या आरंभी व शेवटी दीर्घकाळ केवळ तालच ठेवतात. त्यामुळे वादकास दुसऱ्या तबकडीची गती पहिलीशी जुळवून दोन रचनांचा सांधा बेमालूम करता येतो. ही तबकडी घरी एकट्याने ऐकणाऱ्यास कंटाळवाणी वाटते यात नवल नाही. ती पूर्ण वस्तू नसून रात्रभराच्या एका लांब विणीतील धागा असते. बायसेपच्या संगीतात पुढे जो पालट झाला, तो हा धागा स्वतंत्र वस्त्र म्हणून उभा करण्याच्या प्रयत्नातून होय.

‘बायसेप’ हाच मथळा असलेला त्यांचा पहिला दीर्घ संग्रह लंडनच्या ‘निंजा ट्यून’ संस्थेने सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. बारा रचनांच्या या संग्रहाने ब्रिटिश विक्रीसूचीत विसावे स्थान मिळविले. त्यातील ‘ग्लू’ ही रचना सर्वांत लोकप्रिय झाली. तुटक ठेका, त्यावर संथपणे फिरणारी स्वरावली व दूरवरून आल्यासारखा स्त्रीस्वर एवढीच तिची सामग्री आहे. जो विल्सन याने तिच्यासाठी केलेल्या चित्रफितीत नर्तकांचे दर्शन होत नाही. जेथे एके काळी नृत्यमेळे भरत, अशा ओसाड जागांची दृश्ये व त्यांवर तेथे नाचलेल्यांच्या आठवणींतील वाक्ये एवढेच दिसते. या गतकातरतेवर आक्षेप घेण्यात येतो व तो सर्वस्वी निराधार नाही. ठेका व ध्वनिवर्ण नव्वदीच्या दशकाचे आणि हुरहूरही त्याच दशकाची, असे त्यांच्या काही रचनांत होते. तथापि मूळ सामग्रीतून गाळून केलेली त्यांची स्वररचना निव्वळ अनुकरणाच्या पलीकडे जाते.

दुसरा संग्रह ‘आइल्स’ (बेटे) २२ जानेवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. सु. १५० कच्च्या आराखड्यांतून निवडलेल्या दहा रचना त्यात आहेत. आयर्लंड व ब्रिटन या दोन बेटांमधील त्यांचे विभागलेले आयुष्य शीर्षकातून सूचित होते. करोना महामारीमुळे त्या वेळी जगातील बहुतेक नृत्यगृहे बंद होती. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, हा संग्रह ब्रिटिश विक्रीसूचीत दुसऱ्या स्थानावर पोहोचला आणि त्या वर्षीच्या ब्रिट पुरस्कारांसाठी द्वयाला दोन नामांकने मिळाली. घरी ऐकण्यासाठी यातील ताल मुद्दाम सौम्य राखलेला असून त्याच रचनांची अधिक जोरकस रूपे प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी राखून ठेवण्यात आली.

या संग्रहातील ध्वनिअंशांचा (सँपल) वापर विशेष विचारात घेण्याजोगा आहे. ‘ॲप्रिकॉट्स’ या रचनेत मलावीतील गायनाचे ह्यू ट्रेसी याने १९५८ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण व बल्गेरियन राज्य आकाशवाणीच्या स्त्रीवृंदाचे गायन एकत्र गुंफले आहे. ‘सनडायल’ या रचनेत राजा रानी (१९७३) या हिंदी चित्रपटातील, राहुल देव बर्मन यांनी स्वरबद्ध केलेल्या ‘जब अंधेरा होता है’ या गीताचा अंश आहे. भूपिंदर सिंग व मूळच्या सांगलीच्या आशा भोसले यांनी ते गायिले होते. या रचनेचा आधार असलेली स्वरावली बिघडलेल्या ज्युपिटर–६ या संश्लेषकाची देणगी आहे. यंत्र मधलेच स्वर गाळू लागले. दोष शोधताना केलेल्या ध्वनिमुद्रणाचा एक तुकडा निवडून त्याभोवती स्वरसंघात बांधण्यात आले. पार्श्वगायिकेचे नाव नोंदलेले असते व तिच्या गीताचे हक्क कोणाकडे तरी असतात. मलावीच्या खेड्यातील गायकांना मात्र असे संरक्षण क्वचितच लाभते. ट्रेसीने १९५४ मध्ये स्थापिलेल्या आफ्रिकी संगीताच्या ग्रंथालयामुळे हे स्वर टिकले, हे खरे. पण अर्ध्या शतकानंतर ते यूरोपीय नृत्यगृहात पोहोचतात, तेव्हा मोबदला कोणाला मिळावा, हा प्रश्न या संगीतप्रकाराला जन्मापासून चिकटलेला आहे. शिकागोच्या आद्य निर्मात्यांनाही आपल्या तबकड्यांचे पैसे अनेकदा मिळाले नव्हते.

‘टाक्कूक’ (२०२५) या प्रकल्पात द्वयाने याहून निराळा मार्ग धरला. त्यात संग्रहातील जुने आवाज न घेता ग्रीनलंड व सामी प्रदेश यांतील मूलनिवासी कलावंतांना सहनिर्माते म्हणून सहभागी करून घेण्यात आले व त्यांची नावे रचनांवर नोंदविली गेली. तत्पूर्वी २०२४ मध्ये त्यांनी ‘क्रोमा’ या नावाने ध्वनी व दृश्य यांचा जोडकार्यक्रम आणि त्याच नावाची प्रकाशनमालिका सुरू केली होती. त्या मालिकेतील ‘हीलियम’ इ. रचना ‘आइल्स’च्या मानाने कठोर व जलद असून, त्यांत द्वय पुन्हा नृत्यगृहाच्या तालाकडे वळलेले दिसते.